हुतात्म्याचे बंधू

माझ्या चुलत आजोबांची समाधी मी जन्मायच्या आधीपासून आमच्या गावाच्या रस्त्याला होती, आणि तिच्यावर फोडायचे नारळ ते स्वतः विकत असत. यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना वाटत नसे. दुकान रस्त्याच्या एका बाजूला, समाधी दुसऱ्या बाजूला. परगावचा माणूस एसटीतून उतरला, ओट्यावरची दगडी पिंड आणि पुढ्यातला झिजलेला नंदी बघितला, की हात जोडून विचारायचा, ‘‘अप्पा, कुण्या महाराजांची समाधी हाय ही?’’ अप्पा नारळ पुढे करत म्हणायचे, ‘‘हाय एकाची. फोडा. नवसाला पावतो का न्हाई ते मला ठाऊक न्हाई, पर कुणाचं वाईट केलेलं ऐकलं न्हाई.’’

अप्पा म्हणजे माझ्या आजोबांचे चुलत भाऊ. सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणायचं. घाटनांदूरहून आत शिरलं की काळ्या रानात आमचं गाव लागतं. त्यात निम्मे आम्ही लिंगायत वाणी आणि निम्मे मेंढरंवाले धनगर. समुद्र या गावापासून इतका लांब की भांडणातसुद्धा कुणी त्याचं नाव घेत नाही.

तरीही अप्पा समुद्रात बुडाले होते. निजामाचं राज्य असताना, नुकतं लग्न झालेलं असताना, बापाशी तराजूवरून भांडून ते घाटनांदूरच्या स्टेशनावर गेले आणि पहिली आली ती गाडी पकडून चालू लागले. फिरत फिरत मुंबईच्या गोदीत पोचले. तिथे रत्नागिरीकडच्या एका सारंगाने, म्हणजे खलाशांच्या मुकादमाने, त्यांना तेलाच्या एका जहाजावर आचाऱ्याच्या हाताखाली घेतलं. अप्पा मांसमच्छी शिवत नसत. सारंगाला हा गुण वाटला. चाखण्याच्या नावाखाली मटण कमी होणार नाही, असा त्याचा हिशेब.

मग लढाई लागली आणि ते जहाज पाणबुडीने बुडवलं. घाटनांदूरच्या स्टेशनात तार आली, की जहाज गेलं, माणसांचा पत्ता नाही. घरच्यांनी घाई केली नाही. पुष्कळ दिवस वाट पाहिली. शेवटी आमचे स्वामी, म्हणजे जंगम गुरू, म्हणाले की जिवाला बसायला जागा नसेल तर तो भटकतो. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि वरून माती घालतात. पण इथे बसवायचं कुणाला? मग अप्पांचा लग्नातला सदरा कडब्याने गच्च भरला, त्याला टोपी घातली, आणि तो कडबा मंत्र म्हणून रीतसर बसवण्यात आला. वर ओटा बांधला. पाथरवटाने त्यावर नाव कोरलं आणि खाली ‘समुद्रात लढाईत गेले’ असंही कोरलं. त्याला समुद्र कसा लिहितात ते कुणी सांगितलं कोण जाणे.

बराच काळ गेल्यावर अप्पा स्टेशनावरून चालत गावात आले. त्यांना पहिल्यांदा बघितलं ते त्यांच्याच वयाच्या एका धनगराने. तो मेंढरं घेऊन त्याच ओट्यावर सावलीला टेकला होता. त्याने आधी काठी उगारली.

‘‘बे, तू मेलायस.’’

‘‘कुणी सांगितलं?’’

‘‘तुझ्या बापानं. मी सोता बुंदी खाल्लीय.’’

या माणसाने पुढे आयुष्यभर अप्पांना ‘मेल्या’ अशीच हाक मारली. अप्पांनी आयुष्यभर तिला ओ दिली.

गावापुढे मोठा पेच पडला. बायकोचं काय, हा पेच लवकर सुटला. स्वामींनी दोघांचं पुन्हा लग्न लावलं. एकाच बाईशी दोनदा लग्न लागलेला आमच्या तालुक्यात हा एकटाच माणूस असावा. समाधीचं मात्र सुटेना. उकरायची म्हटलं तर स्वामी म्हणाले, ‘‘बसवलेला उठवता येत नाही. राहू द्या. जागा याचीच आहे. आज ना उद्या येऊन बसेल.’’

आज्जी, म्हणजे अप्पांची बायको, यावरून त्यांना जन्मभर छळत राहिली. भाजीला मीठ जास्त झालं म्हणून अप्पा कुरकुरले की ती म्हणायची, ‘‘आमचे पयले असं कदी बोलत नव्हते. लई गुणाचे व्हते. समुद्रात गेले बिचारे. ह्ये दुसरे असे निघाले.’’ नव्या सुनांना काही दिवस हे खरंच वाटायचं. पहिल्याचा ओटा समोरच होता, आणि सणाला आज्जी त्याच्यावर दिवा लावायची. अप्पा दुकानातून बघत बसायचे. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, ‘‘त्येला दिवा, मला शिव्या. मेलेल्याचं बरं असतंय.’’

आज्जी गेली तेव्हा तिला त्या ओट्याच्या डाव्या अंगाला बसवलं. अप्पांनी ओटे जोडून घ्यायला लावले. मधे फट नको म्हणाले. त्यानंतर संध्याकाळी दुकान बंद केलं की ते स्वतःच्या ओट्यावर जाऊन बसत, आणि धनगर शेजारी उकिडवा बसून तंबाखू मळे.

‘‘मेल्या, आज खाली जायचा इचार हाय का?’’

‘‘न्हाई. उद्या वायदा हाय गुळाच्या व्यापाऱ्याचा.’’

अप्पांना आयुष्याकडून आणखी काही नको होतं. आज्जीशेजारची आपली जागा आपल्याला मिळावी, एवढंच.

मग देशात उदारीकरण आलं. आमच्या गावात ते तीन रूपांत पोचलं असं मला आठवतं. घाटनांदूरला पिवळ्या पाटीचा टेलिफोन बूथ झाला, अप्पांच्या दुकानात थंड पेयाच्या काळ्या बाटल्या आल्या (थंड करायची सोय नव्हती, त्यामुळे लोक त्या गरमच पीत आणि ढेकर आला की पैसे वसूल झाले समजत), आणि आमच्या भागातल्या अध्यक्षांना स्मारकाची हौस सुटली.

अध्यक्ष हे कशाचे अध्यक्ष होते हे मला आजही नीट सांगता येणार नाही. ते अनेक गोष्टींचे अध्यक्ष होते आणि उरलेल्यांचे होणार होते. पांढरे बूट घालत. सिरसाळ्याकडे कुठल्याशा गावात मोठी कमान झाली होती आणि तिच्या उद्घाटनाला मोठे साहेब येऊन गेले होते. तेव्हापासून अध्यक्षांना झोप नव्हती. आपल्या भागातही एक हुतात्मा असलाच पाहिजे, असं त्यांच्या मनाने घेतलं. शोधता शोधता त्यांची जीप आमच्या ओट्यापाशी थांबली आणि त्यांनी पाथरवटाची ओळ वाचली.

मी तेव्हा अंबाजोगाईला कॉलेजात शिकवत होतो. पुस्तकं वाचणारा माणूस म्हणून माझी ख्याती होती. आमच्याकडे तिचा अर्थ, पत्रिका आणि मानपत्रं फुकट लिहून देणारा. अध्यक्ष मला जीपमध्ये घालूनच गावी घेऊन आले. अप्पा दुकानात शेंगदाणे निवडत होते.

‘‘अप्पा, हे हुतात्मा तुमचे कोण?’’ अध्यक्षांनी ओट्याकडे हात केला.

‘‘मीच.’’

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सगळी हकिकत सांगितली. ऐकताना त्यांचा चेहरा पडत गेला. चांगल्या घरचं स्थळ बघून आल्यावर मुलगा आधीच लग्न झालेला निघावा, तसं त्यांना झालं.

‘‘म्हणजे तुम्ही वारले नाहीत.’’

‘‘आजून तरी न्हाई.’’

‘‘हे कुणाकुणाला माहीत आहे?’’

‘‘गावाला,’’ अप्पा म्हणाले. ‘‘रोज उधार नेत्यात.’’

पण अध्यक्ष हे अशा किरकोळ अडचणीने मागे हटणारे नव्हते. पंधरवड्यात त्यांनी स्मारक समिती केली, ग्रामपंचायतीचा ठराव करून घेतला (ओटे गायरानाच्या कडेला होते), आणि परळीचा एक प्रायोजक गाठला. हा गृहस्थ कुठल्याशा नव्या परदेशी कंपनीच्या इंजिन ऑइलचा डीलर होता. तेलाचं जहाज बुडालं हे ऐकताच त्याला भरून आलं. एक साधा माणूस तेलासाठी जीव देतो, यापेक्षा मोठी जाहिरात कंपनीलाही सुचली नसती. गावाला काय हवं होतं तर एसटीचा कायमचा थांबा, कारण तोवर गाडी कंडक्टरच्या मर्जीने थांबायची. स्मारक झालं की थांबा करून देतो, असा शब्द अध्यक्षांनी दिला होता. त्यामुळे ठरावाला विरोध करणारा एकच माणूस निघाला, आणि तो हुतात्मा होता.

नकाशा त्यांनी अप्पांच्या गल्ल्यावरच पसरला. ओट्यावर जाड सिमेंटचा स्लॅब, स्लॅबवर सिमेंटचं जहाज, जहाजावर धुराडं, धुराड्यावर झेंडा.

‘‘लई झ्याक,’’ अप्पा म्हणाले. ‘‘मग मी कुठं बसू?’’

‘‘स्टेजवर, अप्पा. पहिल्या रांगेत.’’

‘‘तवा न्हाई हो. मेल्यावर.’’

अध्यक्षांना हा प्रश्न अपेक्षित नव्हता. जिवंत माणसाने जिवंतपणी आपल्या कबरीचा ताबा मागावा, याला कुठल्याच कायद्यात कलम नसावं. ‘‘अप्पा, तुम्हाला आपण दुसरीकडे मस्त जागा देऊ,’’ ते म्हणाले. ‘‘कपिलधारला बघू का? तुम्हा लिंगायतांचं एवढं मोठं स्थान. धबधबा आहे.’’

‘‘धबधबा काय करायचा? माझी बायकू हितं हाय.’’

‘‘पण ठरावात ती जागा हुतात्म्याची आहे. तुमचा तिच्याशी संबंध काय?’’

अप्पा पंचायतीत गेले. ग्रामसेवकाने ठराव दाखवला. हुतात्म्याच्या वारसांची हरकत असेल तर लेखी द्या म्हणाला. मी वारस न्हाई, मी त्योच हाय, अप्पा म्हणाले. ग्रामसेवक भला माणूस होता. तो म्हणाला, ‘‘अप्पा, स्वतःच्या वतीने हरकत घ्यायची सोय नाही. कुणी नातेवाईक बघा.’’

आणि तो नातेवाईक अध्यक्षांनीच आणून दिला. कार्यक्रम जवळ आला तसे ते पुन्हा आले. मोठे साहेब येणार म्हणून नक्की झालं होतं. आता हुतात्मा समोर दुकानात बसून शेंगदाणे निवडत असणं बरं दिसणार नव्हतं.

‘‘अप्पा, राग मानू नका. हुतात्मा हयात असला की कार्यक्रमाला वजन येत नाही. तेवढ्या दिवसापुरते तुम्ही हुतात्म्याचे बंधू व्हा.’’

मला वाटलं अप्पा त्यांना मापाने हाणतील. अप्पांनी शेंगदाण्याचं सूप बाजूला ठेवलं.

‘‘बंधूला बोलू देता का?’’

‘‘दोन शब्द. आभाराचे.’’

‘‘जमतंय.’’

अध्यक्ष गेल्यावर मी म्हणालो, ‘‘अप्पा, तुम्ही हे का कबूल केलं? त्यांना हाकलायचं सोडून?’’

‘‘येड्या,’’ अप्पा म्हणाले, ‘‘मला कोण इचारतंय? पंचायतीत गेलतो, बघितलं की. मेलेल्याच्या भावाला तरी इचारतील.’’

मानपत्र मी लिहिलं. जहाजाचं नाव हवं म्हणून अप्पांना विचारलं, तर ते म्हणाले, इंग्रजी बाईचं नाव होतं, साहेबाच्या बायकोचं असावं, आम्ही त्याला ‘जहाज’ म्हणायचो. मी जेवढं खरं होतं तेवढं दोन परिच्छेदांत लिहून दिलं. अध्यक्षांनी ते वाचलं आणि छान आहे, पण उंची नाही म्हणाले.

उंची त्यांनी स्वतः घातली. फाल्गुनातल्या उन्हात, कापडी मांडवाखाली, पाहुणे ठरल्या वेळेला अर्थातच आले नव्हते, तेव्हा अध्यक्षांनी माइकचा ताबा घेतला. स्टेजवर मधे हारांचा ढीग. मागे डीलरचा फलक, ‘राष्ट्राच्या इंजिनासाठी ज्यांनी सर्वस्व अर्पिले’, आणि शेजारी ऑइलच्या डब्याचं चित्र. डब्याचं चित्र हुतात्म्याच्या चित्रापेक्षा मोठं होतं. हुतात्म्याचा फोटो नसल्यामुळे पेंटरने अंदाजाने एक मिशीवाला तरुण काढला होता. अप्पांना कधी मिशी नव्हती. ते त्या तरुणाकडे अधूनमधून वळून बघत होते. भावाची ओळख पटवायचा प्रयत्न करत असावेत.

अध्यक्षांच्या भाषणात जहाज पेटलं, आकाश लाल झालं, आणि आमच्या गावचा सुपुत्र डेकवर तिरंगा घेऊन छाती काढून उभा राहिला. इंग्रजांच्या जहाजावर, इंग्रजांच्या लढाईत, निजामाच्या प्रजेने तिरंगा कुठून आणला, हे मी माझ्याशेजारी बसलेल्या ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, सर, आता मधे बोलू नका, थांब्याचं काम आहे.

तेवढ्यात धूळ उठली आणि मोठे साहेब आले. त्यांना पुढे आणखी दोन कार्यक्रम होते आणि जेवण झालेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. हार घातले गेले. नारळ दिले गेले. नारळ अप्पांच्याच दुकानातले. डीलर तेलावर बोलला. तेल नसतं तर जग थांबलं असतं, असं काहीतरी. मग अध्यक्ष म्हणाले, ‘‘हुतात्म्यांचे वयोवृद्ध बंधू दोन शब्द बोलतील.’’

अप्पा उठले, तोच मांडवाच्या कडेला मेंढरांसह उभा असलेला धनगर मोठ्याने म्हणाला, ‘‘अरं, बंधू कसला? त्योच हाय की ह्यो!’’

मांडवात खसखस पिकली. अध्यक्ष माइकवर धावले. ‘‘दोघा भावांत विलक्षण साम्य होतं. ग्रामस्थांना आजही भास होतो.’’ टाळ्या झाल्या. कशाला झाल्या ते टाळ्या वाजवणाऱ्यांनाही माहीत नसावं.

अप्पांनी माइक हातात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. बुडण्याबद्दल त्यांच्या तोंडून मी तोवर कधी एका शब्दापेक्षा जास्त ऐकलं नव्हतं. काय झालं विचारलं तर ‘बुडालं’ म्हणून ते वजनकाट्याकडे वळत. त्या दिवशी मात्र भावाबद्दल बोलायचं होतं. त्यामुळे असेल, त्यांना सोपं गेलं.

‘‘माझा भाऊ आचाऱ्याच्या हाताखाली व्हता,’’ ते म्हणाले. ‘‘झेंडा-बिंडा काई नव्हता त्याच्याकडं. सकाळची येळ. कांदे चिरत व्हता. धाडकन आवाज झाला. भावाला वाटलं, पातेलं पडलं. आचारी लई तापट, म्हून ह्यो आधी पातेली बघाया लागला. समदी जागच्या जागी. मग जहाज वाकडं झालं आन् पातेली आपआपली चालत आली. तवा कळालं.’’

बायका हसल्या. साहेबांनी खुर्चीत पाय बदलला.

‘‘इंजनात जे व्हते ते वर आले न्हाईत. लई गरम असायचं तिथं, तरी गाणी म्हणायचे. त्यातला एक भावाला रोज म्हणायचा, वाण्या, रोटी जरा जाड कर. ते कुणी आले न्हाईत.’’

बायकांनी डोक्यावरचे पदर पुढे ओढले. मला वाटतं त्या दिवसभरात तेवढाच वेळ तिथे कुणीतरी खरोखर मेलं होतं.

‘‘बाकीचे नावेत बसले. भाऊ कांदा हातात घिऊनच बसला. मग ती पाणबुडी वर आली. म्हैस डोहातून उठती ना, तशी. आधी पाठ दिसली. वरचं झाकण उघडून एक माणूस आला. दाढी वाढलेली, बनियनला भोक. त्यानं इंग्रजीत इचारलं, जहाजात काय व्हतं? जहाजाचे साहेब म्हन्ले, पाणी.’’

डीलर खुर्चीत पुढे सरकला. ‘‘तेल, अप्पा. तेल होतं.’’

‘‘तेल उतरवलं व्हतं की आदल्या बंदरात,’’ अप्पा म्हणाले. ‘‘रिकामं जहाज वाऱ्यानं डुलतंय, म्हून त्याच्या पोटात पाणी भरून घेत्यात. परत येताना समदं पाणीच व्हतं.’’

त्यावर मांडवात जे झालं ते मी कधी विसरणार नाही. तेल बुडाल्याचं कुणालाच फारसं दुःख झालं नव्हतं. पण फाल्गुन होता. गावच्या विहिरीने तळ दाखवला होता, आणि अर्ध्या बायका टँकरच्या रांगेत घागरी लावून कार्यक्रमाला आल्या होत्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, ‘‘अगं बाई! पाणी बुडविलं?’’

‘‘खारं व्हतं, मावशे.’’

‘‘तरीपण!’’

हळहळ मागच्या रांगेपर्यंत गेली. कुणीतरी त्या पाणबुडीवाल्याला खणखणीत शिवी घातली. अप्पांनी हात वर करून सगळ्यांना शांत केलं.

‘‘त्यालाबी वंगाळ वाटलं. त्यानं आत जाऊन दुसऱ्याला सांगितलं. दुसरा वर येऊन आमच्याकडं बघून गेला. मग तिसरा. एवढा मोठा बार, एवढ्या लांबून आले, आन् समुद्रात समुद्राचं पाणी बुडविलं. शेवटी त्या बनियनवाल्यानं हात करून दाखिवलं, जमीन तिकडं हाय. आन् झाकण लावून खाली गेला. भावाला वाटलं, ह्यो आता घरी गेल्यावर काय सांगणार?’’

‘आमच्याकडं’ म्हणताना अप्पांची जीभ घसरली होती, पण ते कुणी धरलं नाही. धनगराने धरलं असावं, कारण तो मेंढराच्या पाठीवर हात ठेवून खाली बघून हसत होता.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. अप्पांनी पाहिलं नाही. ते साहेबांकडे वळले.

‘‘साहेब, भावाची एक इच्छा व्हती. इंजनात गेलेल्यांना कुठं जागा न्हाई. भावाला हाय, ही त्याची नशिबाची गोष्ट. शेजारी त्याची बायकू बसलीय. तिचं म्हणणं असायचं, आमचे पयले आज ना उद्या येणार. त्याची जागा वरून झाकू नका. जहाज बाजूला बांधा. लई मोठं बांधा. पर ओटा उघडा ठेवा. त्यो आला तर बसंल कुठं?’’

साहेबांनी अप्पांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. राजकारणातल्या माणसाला कळत नाही असं काही नसतं, फक्त कळल्याचं दाखवायची वेळ ठरलेली असते. ते उठले, माइक घेतला आणि म्हणाले, ‘‘हुतात्म्याच्या अंतिम इच्छेपुढे नकाशा मोठा नाही. स्मारक बाजूला होईल. आणि हुतात्मा जेव्हा केव्हा परत येतील, त्यांची जागा त्यांना मिळेल, हा माझा शब्द आहे.’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. माणूस जिवंतपणी महिनाभर जे मागत होता ते कुणी ऐकून घेतलं नव्हतं. मेलेल्याच्या भावाने ते एका दमात मिळवलं, आणि तेही जाहीर सभेत.

स्टेजवरून उतरताना साहेब अप्पांशेजारी आले. मी मागेच होतो. ‘‘अप्पा, तुमच्या बंधूंना पोहता यायचं का?’’ त्यांनी हळूच विचारलं.

‘‘न्हाई, साहेब. आमच्या गावात पोहायला पाणी कुठं हाय?’’

‘‘मग वाचले कसे?’’

‘‘कोण म्हन्लं वाचले?’’ अप्पा म्हणाले. ‘‘गेले बिचारे.’’

साहेबांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते जेवायला निघून गेले. डीलर आपला फलक स्वतःच्या हाताने उतरवून गुंडाळत होता. पाणी वाहणाऱ्या जहाजाशी कंपनीचा संबंध नको, असं त्याचं मत झालं असावं.

सिमेंटचं जहाज झालं. ओट्यापासून थोडं हटून, रस्त्याला लागून. प्रायोजक नसल्यामुळे धुराडं अर्धंच राहिलं. गोल खिडक्यांतून वारा छान येतो हे आधी मेंढरांच्या लक्षात आलं, मग माणसांच्या, आणि एसटीचा थांबा आपोआप तिथेच ठरला. कंडक्टर आजही घाटनांदूर सोडलं की ओरडतो, ‘‘जहाज कोण उतरणार, जहाज?’’ गाडीत नवखा असला की खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर ज्वारी असते.

अप्पा त्यानंतर काही वर्षं जगले. दुकान, शेंगदाणे, संध्याकाळी ओटा. गेले तेही दुपारी जेवून पडल्यावर, कुणाला त्रास न देता. आम्ही ओटा उघडला. जुन्या स्वामींचे नातू आता स्वामी होते. खाली कडब्याची माती झाली होती. सदऱ्याची पितळी बटणं तेवढी राहिली होती, हिरवी पडलेली.

तरुण स्वामी काठावर थबकले. शास्त्र ते मन लावून शिकले होते. ‘‘इथे मंत्राने एकाला बसवलेलं आहे,’’ ते म्हणाले. ‘‘त्याला उठवल्याशिवाय दुसऱ्याला कसं बसवायचं? आणि बसवलेला उठवता येत नाही.’’

आम्ही सगळे सुशिक्षित एकमेकांकडे बघू लागलो. धनगर काठीवर रेलून उभा होता. तो आता फार वाकला होता.

‘‘महाराज,’’ तो म्हणाला, ‘‘त्योच हाय त्यो. सरकून बसंल.’’

स्वामींनी विचार केला आणि मान हलवली. अप्पांना आज्जीच्या शेजारी बसवलं. रीतीप्रमाणे खड्ड्यात विभूती आणि मीठ घालायचं होतं. मिठाचं पोतं त्यांच्याच दुकानातून आणलं. ते रिकामं होताना धनगर पुटपुटला, ‘‘बास करा. समुद्रात लई खाल्लंय त्यानं.’’

आम्ही माती सारखी करत असताना एसटी येऊन जहाजापाशी थांबली. एक परगावचा प्रवासी उतरला, गर्दी बघून त्याने चपला काढल्या, स्मारकाची पाटी वाचली आणि जवळ उभ्या धनगराला विचारलं, ‘‘कोण गेलं, बाबा? ह्ये हुतात्मा का?’’

धनगराने पाटीकडे बघितलं, मग ओट्याकडे. डोळे पुसले.

‘‘न्हाई,’’ तो म्हणाला. ‘‘पयला लई आधी गेलता. ह्यो दुसरा.’’